नायिकेचा आवाज

"ही नको," मास्तर म्हणाले. "फार लाडिक बोलते. पुढची ऐकवा."

काचेपलीकडच्या खोलीत दोन पोरी अजून आपला नंबर यायची वाट पाहत होत्या. पडद्यावर मास्तरांची बायको ओठ हलवत होती. तिला जाऊन वर्षही झालं नव्हतं.

मास्तरांनी लिहिलेल्या आणि दिग्दर्शित केलेल्या मूकपटांपैकी हा एकच उरला होता. त्यात आवाज भरला तर कंपनी तो पुन्हा लावणार होती. नाहीतर रीळ गोदामात कुजणार. मास्तरांना बायकोला एकदा भरल्या थिएटरात बघायचं होतं.

"बाईंचा आवाज कसा होता तेवढं सांगा ना," कंपनीचा तरुण मालक वैतागला. "तसाच शोधून काढू."

"ऐकला की सांगतो."

"तुमच्या हट्टाला तोड नाही, मास्तर. बोलपट आले नि तुम्ही घरी बसलात. ते एक असो, पण बाईंनाही बसवलंत! आमच्या बाबांनी किती विनवलं होतं."

"तुझ्या बाबांचे उपकार फिटायचे नाहीत," मास्तर हसले. "चाचणी न घेता, नुसत्या माझ्या शब्दावर त्यांनी तिला नायिका केली. एवढं कोण करतं?"

"पण सेटवर ताठा फार होता म्हणे. कुणाशी बोलायच्या नाहीत."

"नायिकेनं आब राखावा, असं मीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं."

"आणि घरी?" ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलीनं विचारलं.

"घरी? अगं, भांडण झालं की डोळे गच्च मिटून बसायची. मग मी काय बोलणार, कपाळ! मुकाट्यानं चहा टाकायला उठायचो."

मुलगी खळखळून हसली.

पडद्यावर निरोपाचा प्रसंग सुरू झाला. त्या काळी इतर दिग्दर्शक कॅमेरा चालू असतानाच ओरडून सूचना द्यायचे. मास्तर कॅमेऱ्याशेजारी उभे राहून रुमाल हलवायचे. आताही तिची नजर क्षणभर बाजूला वळली, मास्तर उभे असायचे तिकडं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

दुसरी पोरगी नाकात बोलत होती. तिसरीचा आवाज जरासा घोगरा, पण मायेचा होता. "थांबा ना," ती पडद्याकडं बघत म्हणाली, "माझं सांगून व्हायचंय अजून."

शब्द मास्तरांनीच लिहिलेले होते. ते बायकोच्या ओठांवर नेमके बसले. मास्तर पुढं सरकले.

"परत एकदा."

पोरीनं परत म्हटलं.

"हीच," मास्तर म्हणाले. त्यांनी मालकाचा हात दोन्ही हातांत धरला. "देव तुझं भलं करो, बाळा."

"सापडला एकदाचा!" मालक खूश झाला. "म्हणजे अगदी असाच होता बाईंचा आवाज?"

"कुणास ठाऊक," मास्तर म्हणाले. "आमचा सगळा संसार हातवाऱ्यांवर झाला. आज पहिल्यांदाच ऐकतोय मी तिला."