त्रेसष्ट ओळी

तिसऱ्यांदा तपासलं तरी आकडा तोच आला. त्रेसष्ट.

बेबीनंदाने चष्मा पदराने पुसला आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मशीनमध्ये दोन तक्ते होते. एकात गरोदर बायांची नावं, प्रत्येकीला एक क्रमांक. दुसऱ्यात त्याच क्रमांकापुढे पुढचं काय झालं ते: मुलगा, मुलगी, गर्भपात, मृत जन्म, गाव सोडलं. काहीतरी असायलाच हवं. हसनाबादकडच्या त्रेसष्ट बायांपुढे काहीच नव्हतं. क्रमांक दुसऱ्या तक्त्यात जायचा आणि रिकाम्या जागेत थांबायचा.

"फाइल खराब झाली आहे," असं तिने सोमवारीच धर्मराजला सांगितलं होतं. लाइट सारखी जाते, लिहिता लिहिता मशीन बंद पडतं, मग एका तक्त्याचा दुसऱ्याशी मेळ राहत नाही.

नवीन जालन्यातल्या त्या नोंदणी कार्यालयात आकडेवारीचं काम धर्मराजकडे होतं. त्याला हे पटलं नव्हतं. त्याच्या मते हसनाबादच्या नर्स गिरिजाबाईंनी घरबसल्या खोटी नावं भरली होती. गुरुवारपर्यंत या बाळांचा पत्ता लागला नाही, तर बाईंना नोटीस जाणार होती. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना नोकरी जाणार होती.

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं, मॅडम," तो म्हणाला होता. "कॉलेजात हेच शिकवता. वरून सासर तिकडचं. नावं खरी का खोटी, तेवढं तरी कळंल."

"मी तिकडे फारशी राहिलेली नाही," बेबीनंदा म्हणाली होती.

दोन दिवस तिने एकेक पायरीने काम केलं. दोन्ही तक्ते जोडणारे इंडेक्स पुसून नव्याने बांधले. डिस्क तपासली. क्रमांक दुबार पडलेत का ते पाहिलं. मागच्या महिन्याच्या नकलेची फ्लॉपी लावून तिच्यावरचे तक्ते तपासले, तेव्हा चौसष्ट निघाले. फ्लॉपीवर भरवसा नको, असं धर्मराजला सांगून तिने ती पर्समध्ये टाकली आणि पुन्हा मशीनवरच्या तक्त्यांकडे वळली. तिथे त्रेसष्टच होते.

भरदुपारी, कूलर घरघरत असताना, पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं तिला वाटायचं. उंचीने लहान. तिने खुर्ची भिंतीला टेकवून घेतली. मग त्या रिकाम्या रकान्यात लुकलुकणारा कर्सर दिसायचा. दाराबाहेर कुणी ताटकळत उभं असावं, तसा.

बुधवारी गिरिजाबाई आल्या. रजिस्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत दोनदा गुंडाळलेलं. दारातच थांबून त्यांनी बेबीनंदाकडे जरा वेळ पाहिलं.

"पोरी बऱ्या हैत का?"

"बऱ्या आहेत," बेबीनंदा म्हणाली आणि खुर्ची पुढे केली.

धर्मराज वाटच पाहत होता. "सिस्टर, त्रेसष्ट लेकरं कुठं दडवली? कापसाच्या गाडीत घालून इकली का काय?"

"तेच इचारायला आले, साहेब," गिरिजाबाई म्हणाल्या.

तो हसला, आणि मीटिंगला उशीर झाला म्हणून निघून गेला.

मग दोघी कामाला लागल्या. बेबीनंदा पडद्यावरचं नाव वाचायची, गिरिजाबाई ते रजिस्टरात हुडकून तांबड्या पेन्सिलीने खूण करायच्या. एकही नाव खोटं निघालं नाही. प्रत्येकीचं घर, सासूचं नाव, शेवटच्या भेटीची तारीख, सगळं त्यांना तोंडपाठ होतं.

"हिला आधीच्या दोन पोरी," पहिल्या नावाला त्या म्हणाल्या. दुसऱ्या नावाला म्हणाल्या, "हिलाबी दोन." तिसरीला तीन होत्या. दहाव्या नावानंतर त्यांनी सांगणं सोडून दिलं. नुसती खूण करत गेल्या. शेवटची भेट प्रत्येकीची चौथ्या-पाचव्या महिन्यातली होती.

यादी संपली तेव्हा कूलरमधलं पाणीही संपलं होतं.

"घरचे गाडी करून तपासणीला नेऊन आणायचे," गिरिजाबाई म्हणाल्या. "मंग मी गेले की दार लावून घ्यायचे. काय लिवू मी त्या रकान्यात? कुणी सांगितलं तर लिवीन. तुमची मशीन बराबर हाय, ताई. तेवढंच लिवून द्या."

बेबीनंदाने टेबलावरचा कागद त्यांच्यापुढे धरला. तो तिने सकाळीच टाइप केला होता. फाइल दुरुस्तीपलीकडे खराब झाली असून या नोंदी काढून टाकाव्यात, नर्सचा यात काही दोष नाही, असं त्यात होतं. हा दिला की तुमची नोकरी वाचेल, घरोघरी चौकशीही होणार नाही, असं तिने हळू आवाजात समजावलं.

गिरिजाबाईंनी कागद सावकाश वाचला आणि परत दिला.

"नोकरी जाईल तर जाऊ द्या. त्यांचं कुठंच काही ऱ्हायलं न्हाई, ताई. निस्ती जागा ऱ्हायली. तीबी तुम्ही पुसून राह्यल्या."

बेबीनंदाने कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

गिरिजाबाईंनी रजिस्टराचं शेवटचं पान उलटलं. तिथे त्यांच्याच अक्षरात बेरीज होती. "अन् माझ्याकडं चौसष्ट हैत. एकीवर खूण न्हाई झाली."

"मोजण्यात चूक झाली असेल."

"मोजण्यात न्हाई," गिरिजाबाई म्हणाल्या. त्यांनी मागची पानं चाळली, एका ओळीखाली बोट ठेवलं आणि रजिस्टर तिच्याकडे फिरवलं.

वय एकोणतीस. मुक्काम सासर, हसनाबाद. आधीच्या मुली दोन. महिना पाचवा. पुढचा रकाना रिकामा.

बेबीनंदाने स्वतःचं नाव वाचलं. सोमवारी सकाळी, धर्मराज चहा सांगायला बाहेर गेला तेव्हा, मशीनमधून तिने सगळ्यात आधी तेवढीच एक ओळ काढली होती.