दसऱ्याचा शर्ट

कॉम्प्युटरच्या पडद्यावर तीच ओळ पुन्हा उमटली. फ्लॉपी वाचता येत नाही, एवढाच त्या इंग्रजी ओळीचा अर्थ. पुष्पलतानं फ्लॉपी बाहेर काढली, पुन्हा आत सारली, खटका दाबला. मशीन जात्यासारखं घरघरलं आणि गप्प बसलं.

मराठी अक्षरं लिहिणारा प्रोग्राम होता त्या फ्लॉपीत, पुण्याहून कालच पार्सलनं आलेला. दुपारी कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका पाहायला येणार होत्या. पडद्यावर मराठी उमटलं तर शाळेच्या मुली इथं शिकायला येणार. नाही उमटलं तर वडिलांच्या माघारी कसाबसा तगवलेला सदर भागातला हा टायपिंग क्लास बंदच करावा लागायचा. नुसता टाइपरायटर शिकायला आता येतं कोण?

"मी सकाळीच म्हटलं होतं," प्रयागबाई आत्या कोपऱ्यातून म्हणाली. "दसऱ्याची पूजा सवाष्णीच्या हातून पाहिजे. पण माहं आयकते कोण?"

पुष्पलताच्या आईनं, सुभद्राबाईंनी, पदर कपाळावर आणखी पुढं ओढला. पुष्पलतानंच हट्ट धरला होता. क्लास बाबांचा, त्यांच्यामागं सांभाळलास तू, मग नव्या मशीनची पूजाही तूच करायची. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच आज सकाळी त्यांनी कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं होतं.

वामनराव आले ते नव्याकोऱ्या पांढऱ्या शर्टात. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा जवळपास हा एकच माणूस. पुष्पलतानं त्यांना सणाच्या दिवशी भरल्या ताटावरून उठवून आणलं होतं, तरी कपाळाला आठी नाही.

"पुरणपोळी अर्धी ठेवून आलो, पोरी," ते म्हणाले. "तुह्या मशीनपेक्षा माही बायको जास्त घरघर करून राहिली."

त्यांनी पिशवी उघडली, तशा तिच्यातून झेंडूच्या पाकळ्या टेबलावर पडल्या. घरची हत्यारांची पूजा आटोपूनच निघाले होते. पेचकसानं स्क्रू सोडवून त्यांनी मशीनचं झाकण उघडलं, चिमट्याला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये भिजवला आणि फ्लॉपी बसते तिथं आत फिरवला. कापूस बाहेर आला तो लाल.

वामनरावांनी फ्लॉपी उचलली. तिच्या लांबट फटीतून आतली काळी तबकडी हळूच फिरवून पाहिली. तबकडीवर लाल फराटा होता.

पुष्पलताच्या लक्षात आलं. सकाळी ती दिवा लावत होती, तेवढ्यात आईनं फ्लॉपी पाकिटातून काढून नेमकं त्या फटीतच कुंकवाचं बोट टेकवलं असणार. झाकलेल्या देवाची पूजा कशी करायची, एवढाच तिचा साधा विचार.

"काय निघालं, भाऊ?" सुभद्राबाईंनी विचारलं. "माह्या हातानं त नाही ना काही झालं?"

आत्या मान उंच करून बघायला लागली.

वामनरावांनी लाल कापसावर मूठ मिटली. एकदा सुभद्राबाईंच्या कोऱ्या कपाळाकडे पाहिलं, एकदा आत्याकडे.

"धूळ आहे, मावशी. पुण्याहून इतक्या दूर आली फ्लॉपी, रस्त्यानं धूळ बसली. तुमच्या हाताचा काय संबंध?"

मूठ सरळ शर्टाच्या खिशात गेली.

मग सगळ्यांकडे पाठ करून ते मोरीशी बसले. फ्लॉपीचं काळं वेष्टन ब्लेडनं कडेला कापलं आणि आतली तबकडी साबणाच्या पाण्यात धुतली, तान्ह्या लेकराला न्हाऊ घालावं इतक्या हळू हातानं. पंख्याखाली ती वाळली, तेव्हा एका कोऱ्या फ्लॉपीच्या वेष्टनात सरकवली. पुष्पलतानं ती मशीनमध्ये सारली. खटका दाबला. या वेळी मशीन घरघरलं नाही. पडदा उजळला आणि तिनं बोटं टेकवली तसा पहिला "श्री" उमटला.

"बाई वं!" आत्याच्या तोंडून निघून गेलं.

"आधी हिची दुसरी कॉपी काढून ठेव," वामनराव म्हणाले आणि पिशवी आवरू लागले. पुष्पलताला त्यांचे पाय धरावेसे वाटले. मशीन चालू करणारा दुसराही कोणी मिळाला असता. अशी मूठ मिटणारा माणूस तिनं कुठून आणला असता?

दारापाशी जाऊन ते थांबले, परत आले आणि पेचकस सुभद्राबाईंपुढं धरला.

"गडबडीत निघालो, मावशी. माह्या हत्याराची पूजा राहूनच गेली. कुंकू लावून द्या."

पुष्पलताची नजर टेबलावरच्या झेंडूच्या पाकळ्यांकडे गेली. तिनं अलगद त्यांच्यावर तळहात ठेवला.

"मी?" सुभद्राबाई मागं सरल्या. "मी कशी लावू, भाऊ? वन्सं आहेत ना."

"सकाळी पूजा कोणी केली? तुम्हीच ना? मशीन चाललं का नाही? मंग मले दुसऱ्याच्या हाताचं काहून पाहिजे?"

आत्यानं पडद्यावरच्या "श्री"कडे एकदा पाहिलं आणि तिनंच करंडा उचलून भावजयीपुढं सरकवला. सुभद्राबाईंनी बोट बुडवलं आणि पेचकसावर टेकवलं. पदर मागं सरकला, तरी त्यांनी तो पुढं ओढला नाही.

वामनरावांनी तो ओल्या कुंकवाचा पेचकस तसाच खिशात टाकला. कापसाचा लाल डाग तिथं आधीच फुटला होता. आता तो कशाचा, हे कोणी विचारायचं कारणच उरलं नाही.

"अगंबाई, नवा शर्ट!" सुभद्राबाई हळहळल्या. "खराब झाला ना माह्या कुंकवानं."

"खराब कुठं, मावशी?" वामनराव हसले. "आता कुठं दसऱ्याचा झाला."