दोन बेस गिटारी

जालन्याच्या ऑर्केस्ट्रात तीस वर्षं बेस गिटार वाजवलेल्या मुकुंदरावांचा उजवा हात लकव्यानंतर कसाबसा हलू लागला, पण तारांतून दबका, मेलेला आवाज निघायचा. "गिटारच म्हातारी झाली, आतलं वायरिंग सडलं," ते म्हणायचे. म्हणून लेकीनं, यशश्रीनं, नवी गिटार आणली. घामाघूम होईस्तोवर त्यांनी ती वाजवली; आवाज तसाच. "नव्या लाकडात जीव न्हाई," ते पुटपुटले. "मंग बाबा, दोन्हींचा आवाज बराबर ताडून पाहू," म्हणत तिनं जुनीची वायर स्पीकरला जोडली, ती मांडीवर घेतली आणि कधीच न शिकलेल्या बोटानं जाड तार ओढली. भरदार आवाज खोलीभर घुमला. मुकुंदरावांच्या छातीत उतरला, पूर्वी मंडपात उतरायचा तसा. दोष गिटारीत नव्हता. यशश्रीनं घाईनं तारांवर तळवा दाबला. मुकुंदरावांनी डाव्या हातानं उजवा उचलून शालीखाली ठेवला. "राहू दे, बेटा. दोन्ही देऊन टाक कुणालाही."