पाइपातली हवा

गच्चीवरच्या गरम पाण्याच्या टाकीत पाणी नीट चढेना. टाकी दोन भावांत सामायिक. थोरला खाली राहतो, धाकटा वर, आणि चार वर्षं दोघांत अबोला. काही सांगायचं झालंच तर निरोप बायकांमार्फत जातो.

प्लंबर म्हणाला, "पाइपात हवा अडकलीय. एकाने वर टाकीपाशी उभं राहायचं, एकाने खालच्या व्हॉल्व्हपाशी. काय होतंय ते एकमेकांना ओरडून सांगा."

बायका कामावर गेलेल्या. इलाज नव्हता.

अर्धा तास जिन्यात आवाज वरखाली होत राहिले.

"आलं का रे?"

"नाही, दादा."

"आता?"

"थोडं येतंय. तू स्टूल घे, कंबर धरेल."

टाकी भरली आणि दोघं आपापल्या घरात गेले. दारं लागली.

आठ दिवसांनी एकाच सकाळी दोघांचेही प्लंबरला वेगवेगळे फोन आले, टाकी परत भरत नाही म्हणून. त्याने येऊन पाहिलं, तर खालचा व्हॉल्व्ह कुणीतरी हाताने घट्ट बंद केलेला.

वरचाही.

 

"हवाच आहे," प्लंबर म्हणाला. "चला, आपापल्या जागेवर उभे राहा."