आपलं की परकं

“पहले ही बता दूँ, अंकल को इससे कोई फ़ायदा नहीं होगा,” डॉक्टर अवनी म्हणाली. पोर घरची मराठी, पण वाढलेली इकडे उत्तरेत, गोमती नगरात. वीणाताईंचं मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीतून यायचं.

“मग कशाला त्रास द्यायचा?” वीणाताई म्हणाल्या.

त्यांच्या नवऱ्याच्या, शशिकांतरावांच्या नाकात, आतल्या ओल्या अस्तराला मेलानोमा झाला होता. दुर्मीळ जातीचा कर्करोग. ‘दुर्मीळ’ हा शब्द त्यांनी घराजवळच्या अख्ख्या गल्लीला ऐकवला होता, पदक मिळाल्यासारखा. मग ऑपरेशन झालं, औषधं झाली आणि गाठ पुन्हा उगवली. आता या पोरीला त्या गाठीचा एक कपचा हवा होता, अभ्यासासाठी. नाक बधिर करणार होते, तरी दुखायचं ते दुखणारच.

“देखिए आंटी, शरीर के सिपाही इस गाँठ को अपना समझकर छोड़ देते हैं. हम उस पर ऐसी निशानी ढूँढ रहे हैं जो बाकी शरीर पर न हो. मिल गई, तो सिपाहियों को पहचानना सिखाया जा सकता है. आगे चलकर.”

शशिकांतराव इतका वेळ भिंतीकडे बघत होते. हल्ली घरीही तसेच बसायचे. ते एकदम खुर्चीत पुढे सरकले.

“रडारवर आम्ही दुसरं काय करत होतो? पडद्यावर सगळे ठिपके सारखेच. आधी विचारायचं, आपलं की परकं? खुणेचं उत्तर आलं तर आपलं.” त्यांनी बोट अवनीकडे वळवलं. “तुमचं उलटं आहे. खूण शत्रूच्या अंगावर शोधायची.”

“बिल्कुल,” अवनी म्हणाली.

“अहो, पण तुम्हाला उपयोग नाही म्हणतेय ती.”

“रडारवाल्याला कधी उपयोग झालाय? विमान पाडतो तो दुसराच.”

वीणाताईंना हसू आलं, आणि आलं म्हणून रागही आला. किती दिवसांनी हा माणूस वर्दीतल्यासारखा बोलत होता.

“छापून येईल त्यात माझं नाव असेल ना?” शशिकांतरावांनी विचारलं.

“नाम नहीं, अंकल. सिर्फ़ नंबर. इस बीमारी के अब तक आठ ही नमूने मिले हैं हमें. आप नंबर नौ.”

त्यांचा चेहरा पडला. सकाळपासून वीणाताई ‘नाही’ म्हणायचं ठरवून आल्या होत्या. त्यांनी तो चेहरा पाहिला.

“हवाई दलात तरी तुम्हाला नावानं कोण ओळखत होतं?” त्या म्हणाल्या. “पगार नंबरावर, बदली नंबरावर. आमच्या बाबांनी मुलगी दिली तीही नंबर बघूनच.” त्यांनी पर्समधून पेन काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. “घ्या. सही वाचता येईल अशी करा.”

बाहेर बाकावर बसून थोडा वेळ झाला तोच नर्सनं हाक मारली, “नौ नंबर कौन है?”

शशिकांतराव उठले. खांदे मागे, टाचा जुळलेल्या. वीणाताईंनी त्यांचा चष्मा काढून घेतला आणि दंड धरला. व्हरांडाभर दाटीनं बसलेली माणसं पाय आखडून वाट देऊ लागली.

“जरा भरभर चल,” ते पुटपुटले.

वीणाताई मुद्दामच हळू चालल्या. नऊ नंबर कोण, ते शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना नीट दिसायला हवं होतं.