हललेले तारे

कॅमेऱ्याच्या पडद्यावर मृग नक्षत्राचा फोटो उमटला. धनश्रीने तो बोटांनी मोठा केला. एकही तारा ठिपक्यासारखा नव्हता. प्रत्येकाला बारीक शेपूट फुटलं होतं, तेही वेडंवाकडं.

“परत हलला,” ती म्हणाली. “बेन, तुमचं यंत्रच खराब आहे.”

अरुणाबेन हसल्या. शाळेत शिकवून निवृत्त झाल्या तरी डिंडोलीतल्या मुलांसाठी त्या बेनच, म्हणजे बाईच, होत्या. कॅमेऱ्याखाली बसवलेलं ते यंत्र त्यांनी खगोल मंडळाकडून मागून आणलं होतं. पृथ्वी फिरते त्याच वेगाने ते कॅमेरा उलटा फिरवतं, म्हणजे फोटोत तारे जागेवर राहतात. उद्या ते परत द्यायचं होतं, आणि शाळेच्या प्रदर्शनात धनश्रीची जागा अजून रिकामी होती.

“ध्रुवाकडे रोख बरोबर आहे, तूच लावलास. मग काय चुकत असेल?”

“वारा.”

“आहे का वारा?”

गच्चीतल्या दोरीवरचे कपडे सरळ लोंबत होते.

अरुणाबेननी धनश्रीच्या आईकडून, सरलाबाईंकडून, परातभर पाणी मागवलं आणि ट्रायपॉडशेजारी ठेवून वर टॉर्च धरला. पाण्यावर बारीक वर्तुळं उठत होती. थांबतच नव्हती.

“हे काय?”

“तू सांग.”

धनश्रीने गच्चीवर तळहात टेकला. “काहीच हलत नाही.”

“काय हालस?” सरलाबाई गावाकडच्या बोलीत म्हणाल्या. “इतला वरीस झायात आठे, काहीच हालत नही.”

“पृथ्वी फिरते ते जाणवतं तुला?” अरुणाबेननी धनश्रीला विचारलं.

“नाही. आपण तिच्यावरच आहोत ना.”

बोलता बोलता ती थांबली. तिने परातीकडे पाहिलं, मग पायांखाली. खालच्या दोन मजल्यांवर कापड विणायच्या लूमचा कारखाना होता. वर राहायच्या खोल्या. तिचा जन्म इथलाच, या थरथरीतलाच.

एवढ्यात तिचे वडील, हेमराज, चहा प्यायला वर आले. खालच्या लूमवर ते कारागीर होते.

“पप्पा, सगळ्या मशीन एक मिनिट बंद होतील? एकच मिनिट!”

हेमराजनी कप कठड्यावर ठेवला. “बंद नको म्हनू, बेटा. हाऊ शब्द आठे कोनी काढत नही.” मग ते अरुणाबेनकडे वळले. “शेजारच्या कारखान्यात परवा क्रेन आली, बेन. मशीन किलोवर गेल्या, भंगारात. आमचे शेठही म्हणतात, माल उठत नाही. आज यायचेत ते.”

“तुमचे शेठ तसे नाहीत, हेमराजभाऊ.”

“शेठ कुठं काय करतो? करतं ते मार्केट.” उरलेला चहा तसाच ठेवून ते खाली गेले.

अरुणाबेननी ट्रायपॉडच्या पायांखाली गोधडीच्या घड्या घातल्या. फोटो हललाच. घड्या वाढवल्या. शेपटं आखूड झाली, गेली नाहीत.

“राहू दे, बेन,” धनश्री म्हणाली. “प्रदर्शनातली माझी जागा वर्गातल्या शर्वरीला द्या. तिचं ज्वालामुखीचं मॉडेल मोठं आहे, त्याला लागेल.”

“वेडी. अजून एक काढ.”

ती वाकली आणि तशीच राहिली. खालचा आवाज विरळ होत होता. एक मशीन थांबलं, मग त्याच्या पलीकडचं. शेवटचं एकच काही वेळ खडखडत राहिलं, आणि तेही थांबलं. लांबून रेल्वेची शिट्टी ऐकू आली. परातीतलं पाणी आरशासारखं झालं.

“पप्पांनी ऐकलं! बेन, ऐकलं त्यांनी!”

जिन्याकडे पाहत अरुणाबेननी फक्त बोटाने खूण केली, काढ.

मिनिट सरलं. पडद्यावर मृग आला. तारे सुईच्या टोकाएवढे होते, आणि पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांच्या खाली, डोळ्यांना कधी न दिसलेला, फिकट गुलाबी ढग, मृगातला तेजोमेघ. धनश्री नुसती पाहत राहिली.

जिन्यात पावलं वाजली. हेमराजच्या एका हातात डबा होता. दुसऱ्या हातात सप्तशृंगीची छोटी तसबीर, त्यांच्या मशीनवर टांगलेली असायची ती. सरलाबाई उठल्या. त्यांनी तसबीर घेतली आणि काचेवरचा धाग्यांचा भुसा पदराने पुसू लागल्या. पुसून झाला तरी पुसत राहिल्या.

“पप्पा, बघा ना! एकपण तारा हलला नाही!” धनश्री कॅमेऱ्याला चिकटून म्हणाली. “अजून एक काढू? मिनिटभरच लागेल.”

हेमराज तिच्या अगदी जवळ उभे होते. तरी ते लूमवर बोलतात तसेच ओरडून बोलले, आणि पलीकडच्या गच्चीवरची माणसं वळून पाहू लागली.

“ले, बेटा. जितला टाईम लागी तितला ले.”