झाकलेलं नाव

"नाव शोधायचं नाही. काम वाचायचं आणि निकाल लिहायचा." कप्तानबाईंनी फाईल उपकप्तानापुढे सरकवली. नावाच्या जागी खाकी कागदाची पट्टी घट्ट चिकटवली होती. "दादालाही शेजारच्या खोलीत एक दिली आहे. अर्धा तास आहे तुम्हाला."

बाई महिनाअखेर निवृत्त होत होत्या. खाडीपलीकडे माणसं नेणाऱ्या बोटीचं सुकाणू, म्हणजे कप्तानपद, आता दोघांपैकी एकाकडे जायचं होतं. उपकप्तान तरी, नाहीतर सुकाणूवाला दादा तरी. उपकप्तान बारा वर्षं या दिवसाकडे डोळे लावून बसला होता.

पट्टीची रीत बाईंचीच. लोक भिंतीवर सत्काराचे फोटो लावतात. बाईंनी स्वतःचा चुकलेला हुकूम फ्रेम करून लावला होता. आवडत्या माणसाच्या हाती त्यांनी एकदा बोट दिली आणि ती दोनशे प्रवाशांसह खडकावर चढली. सगळे वाचले, पण केवळ नशिबानं. "मी काम तोललंच नाही, माणूस तोलला," हे त्या प्रत्येक नव्या खलाशाला आपणहून सांगत. एवढी छाती किती जणांना असते? उपकप्तान त्यांना उगीच मानत नव्हता.

त्यांचा दुसरा नियमही तसाच रोकडा. निकालाआधी, आपल्या मनाला काय हवंय ते पहिल्या ओळीत लिहून टाकायचं.

त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं, 'हा माणूस नापास व्हावा असं मला वाटतं.'

कारण फाईल कोणाची, हे त्यानं पहिल्याच पानावर ओळखलं होतं. खलाशांनी केलेल्या नोंदी होत्या. हवा चाळीसदा बिघडली. त्यात पाचच वेळा यानं कुणाचा सल्ला घेतला. एकदा अंदाज बांधला की बांधला, मग त्याला सोयीचं तेवढंच दिसतं. हात उत्तम, धीर भरपूर, कान मात्र बंद.

दादाच! तो म्हणेल ती पूर्व दिशा. म्हणजे आपली फाईल त्याच्याकडे असणार. एक नोंद तेवढी खटकली, 'कामावर नेहमी दहा मिनिटं आधी हजर.' दादा आणि वेळेआधी? लिहिणाऱ्याची गफलत असणार. त्यानं पान उलटलं.

तरी त्यानं घाई केली नाही. पहिली ओळ समोर होती आणि तिची त्याला लाज वाटत होती. त्यानं फाईल पुन्हा वाचली, चांगलं तेही मोजलं, आणि मग लिहिलं, 'आत्ता सुकाणू देऊ नये. सल्ला घेणाऱ्या माणसाच्या हाताखाली वर्षभर ठेवावं. नंतर जरूर द्यावं.'

बाई आल्या तेव्हा त्यांच्या हातात दादाचा कागद होता. त्यांनी याचाही वाचला.

"नापास व्हावा असं वाटत होतं, तरी शेवटचं वाक्य लिहिलंस. शाबास."

"दादानं काय लिहिलं, बाई?"

"पहिली ओळ तुझ्यासारखीच. आणि खाली, 'मला आवडो न आवडो, बोट याच्याकडेच द्या.'"

उपकप्तानाला आनंदानं भरून आलं. पाठोपाठ तो शरमला. ज्याला आपण मनातल्या मनात आडमुठा ठरवलं, त्यानं एका ओळीत सगळं देऊन टाकलं होतं.

"माझा कागद परत द्या, बाई. दादा माझ्याहून मोठ्या मनाचा निघाला. मी नवीन लिहितो."

"मोठ्या मनाचा आहेच तो. पण तुझा निकाल बरोबर आहे. माझाही तोच आहे."

बाईंनी नखानं पट्टी सोलली आणि फाईल त्याच्याकडे वळवली. पट्टीखाली उपकप्तानाचं नाव होतं.

"दादालाही मी दादाचीच दिली होती," बाई म्हणाल्या.